समग्र सरनोबत, एक वगळून

पिराजी सरनोबतांचं समग्र साहित्य छापायचं ठरलं, तेव्हा जन्मशताब्दी समितीनं शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. हारतुरे भरपूर. पडद्यावर एकेका कादंबरीचं नाव येत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते. बैलांची कादंबरी, तमाशाची कादंबरी, धरणाची कादंबरी. नावं संपली, दिवे लागले आणि समोशांची ताटं फिरायला लागली. 'जादा ताट' त्यात नव्हती.

मी उभी राहिले. मी पद्मावती मगदूम, इथल्याच एका कॉलेजात मराठी शिकवते, आणि माझा आवाज असल्या हॉलला माइकशिवाय पुरतो.

"एक कादंबरी राहिली," मी म्हणाले.

अध्यक्ष हसले. "मॅडम, ते पिराजी आबांचं किरकोळ लेखन. माणूस चंद्रावर गेला तेव्हा सगळ्यांनाच तसलं काहीतरी सुचत होतं. ग्रामीण साहित्याच्या पंगतीत उडत्या तबकड्या कशाला?"

"तबकडी त्यात एकही नाही. वाचलीय तुम्ही?"

त्यांनी समोसा मोडला. वाचली नव्हती. त्या समितीत एकानंही वाचली नव्हती आणि मत मात्र प्रत्येकाला होतं. मला राग येतो तो याचाच. नावडली म्हणा, मी भांडेन आणि सोडून देईन. पण न वाचता नाक मुरडायचं, उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर मलाच समजुतीच्या सुरात सांगायचं की मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता.

'जादा ताट'मध्ये पन्हाळ्याच्या पायथ्याचं एक गाव आहे. तिथं कुठून तरी कोणीतरी येतं. त्यांना यान नसतं, स्वतःचं रूप नसतं. त्यांना फक्त एखाद्या घरातली जागा लागते. आपल्या भागात अनोळखी माणसाला नाव विचारायच्या आधीच पावणं म्हणतात आणि ताट वाढतात. जेवत्या माणसाला 'तू कोण' विचारणं म्हणजे घराची अब्रू घालवणं. या एवढ्याशा रीतीवर सरनोबतांनी अख्खी विज्ञानकादंबरी उभी केली. ते बोलावल्याशिवाय येत नाहीत, आणि आल्यावर जात नाहीत. गावातला विज्ञानाचा मास्तर गणित मांडतो की निसर्गात काहीच फुकट वाढत नाही, मग घरात एक माणूस वाढला तर कमी कोण झालं? मेलेलं तर कुणीच नाही. सगळी घरं जिथल्या तिथं, सगळी माणसं हसतमुख. उत्तर सापडल्यासारखं होऊन मास्तर घाईघाईनं घरी निघतो आणि कादंबरी त्याच्या उंबऱ्यावर संपते.

माझ्या मते सरनोबतांनी यापेक्षा चांगलं काही लिहिलं नाही. तसा लेख मी वर्तमानपत्रात लिहिला. दोन-चार फोन आले, सगळे बैलांच्या कादंबरीबद्दल. समितीकडं मी इतक्या वेळा गेले की शिपाई मला बघून पंखा बंद करायला लागला. शेवटी अध्यक्ष वैतागले. "हक्क सयाजीरावांकडं आहेत. मुलाची संमती आणा, छापतो." मुलगा संमती देणार नाही हे त्यांना ठाऊक असावं. फोनवर सयाजी सरनोबत बारीक आवाजात "न्हाय" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तेव्हा मी एका दुपारी गाडी काढली आणि कसबा बावड्याला गेले.

उसाचा हंगाम जोरात होता. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांच्यावर लावलेली गाणी, आणि हवेत साखर कारखान्याच्या मळीचा तो आंबूस गोड वास. हंगामात बावड्यात तो केसांना, कपड्यांना, पिण्याच्या पाण्यालासुद्धा लागतो. सरनोबतांचं घर उसाच्या फडाला लागून, नवं, स्लॅबचं, मागं म्हशींचा गोठा. दार उघडंच होतं.

सयाजीराव दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. साठीचा धिप्पाड गडी, पण खुर्चीच्या कडेला टेकलेला, गुडघे जुळवून, पायांत चपला तशाच. कुणाकडं तरी कामासाठी यावं आणि मालक बाहेर यायची वाट बघावी तसे. मधल्या दिवाणावर दुसरेच एक गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत. चेहरा आत्ता आठवायला गेलं तर आठवत नाही. त्यांच्या जवळची खुर्ची मला दिली, आणि तिथं बसल्यावर एक गोष्ट जाणवली. मळीचा वास तिथं येत नव्हता. कुठलाच वास येत नव्हता.

सयाजीरावांच्या पत्नी संयोगिताबाई चहा घेऊन आल्या.

"जरा पाणी मिळंल का?" सयाजीरावांनी विचारलं.

"आणते की. तुमी बसा, उठू नका," त्या अगत्यानं म्हणाल्या. मला गंमत वाटली. इतकं गोड बोलणारं नवरा-बायकोचं जोडपं मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरी वृषभ, म्हणजे माझे यजमान, आणि मी सकाळच्या चहाला भांडतो ते दुधाची पिशवी कोणी आणायची इथपासून.

मी विषय काढला. सयाजीराव जमिनीकडं बघत ऐकत राहिले.

"आबांचीच इच्छा न्हवती," ते म्हणाले. "त्यांनी प्रती गोळा करून गुऱ्हाळाच्या चुलवाणात घातल्या. मी हुतो तितं."

"का?"

"ते मला काय ठावं."

माझं डोकं फिरलं. "सयाजीराव, बापाची जमीन चालते, बापाच्या नावाचा चौक चालतो, बापाचे सत्कार तुम्ही घेता. त्यांनी डोकं लावून लिहिलेलं एक पुस्तक तेवढं नको? एवढ्या मोठ्या लेखकाचं सगळ्यात धाडसाचं काम तुम्ही लोक दाबून टाकताय, आणि का विचारलं तर ठावं न्हाय?"

माझ्या आवाजानं गोठ्यातली म्हैस ओरडली.

"मी वाचलंय ते पुस्तक," दिवाणावरचे गृहस्थ म्हणाले.

मी वळले. इतकी वर्षं मी हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला तरसले होते, आणि ते आलं या अनोळखी माणसाकडून. नुसतं वाचलं नव्हतं, बारीक वाचलं होतं. मास्तरचं गणित त्यांना पाठ होतं. कुठल्या घरात आधी कोण आलं, कुणी बोलावलं, सगळं. मी शंका काढत गेले आणि ते शांतपणे बोलत गेले.

"शेवट अर्धवट सोडलाय असं लोक म्हणतात," मी म्हणाले.

"अर्धवट कुठं? मास्तर घरी गेला. त्याला चहा मिळाला. पुढं रोज मिळत राहिला."

हे पुस्तकात नाही. तरी मला ते आवडलं. वाचक असावा तर असा, मला वाटलं.

मध्येच कप उचलायला संयोगिताबाई आल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "हे कोण?"

त्या दचकल्या. "असं इचारत्यात व्हय? पावणं हायत. ह्यांच्याकडचं."

निघायची वेळ झाली. सयाजीरावांचं 'न्हाय' कायम होतं. मी त्यांना पुन्हा एकदा सुनावलं, संमती मिळेपर्यंत पायरी झिजवीन म्हणाले, आणि चपला घालता घालता दिवाणाकडं वळून बोलले, "या एकदा घरी. राजारामपुरीत आहोत आम्ही. निवांत बोलू पुस्तकावर. जेवायलाच या."

कोल्हापूरचा माणूस भांडून उठला तरी जाताना 'या घरी' म्हणतोच. त्यात विचार नसतो.

"येतो," ते म्हणाले.

सयाजीराव मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"कोण आहेत हे?" मी म्हणाले. "तुमच्याकडचे ना?"

"तिच्याकडचं असतील, असं मी समजून चाललोय," ते म्हणाले. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "बाई, पुस्तक वाचलंय म्हंता. मग त्यास्नी 'या घरी' कसं म्हणलासा?"

घरी येईपर्यंत मी स्वतःशी हसत होते आणि चिडतही होते. शिकली सवरली माणसं, आणि बापाच्या कल्पनेला भिऊन बसलीत. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की पुस्तक हे पुस्तक असतं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस कॉलेजात बैठक लांबली. आम्ही जैन, आमच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवण उरकतं. वृषभ उद्यमनगरातलं वर्कशॉप बंद करून वेळेत येतात, मुलगी आदिती क्लास सोडून येते, आणि मला उशीर झाला की दोघं माझ्या नावानं ओरडत पानावर बसतात. त्या दिवशी जिना चढताना ओरडणं ऐकू आलं नाही. आत दोघं जेवत होते आणि माझ्या जागेवर ते बसले होते. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत.

"ये, ये," वृषभ म्हणाले. "पावणं कधीचे आलेत. तुझी वाट बघून वाढलं मग."

स्वयंपाकघरात फोडणी नुकतीच झाली असणार. मला तिचा वास आला नाही.

मी यजमानीणबाईंसारखी वागले. आग्रह केला, ताक वाढलं, पुस्तकाच्या गप्पा मारल्या. ते निघतील म्हणून वाट बघितली. आदितीनं त्यांना बाहेरच्या खोलीत गादी घालून दिली.

सकाळी ते होते. दुसऱ्या दिवशी होते.

"अहो, हे जाणार कधी?" मी वृषभना विचारलं.

"म्हणजे? तुझ्याकडचेच ना? माहेरचे, कोडोलीचे?"

"माझ्याकडचे नाहीत. मी त्यांना ओळखत नाही. त्यांना जा म्हणा."

वृषभनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी बस्तीत, भगवंतासमोर, चपला घालून गेले होते. "पावण्याला जा म्हणायचं?"

मग मीच म्हणाले. दिवाणखान्यात जाऊन, उभं राहून, स्पष्ट शब्दांत. त्यांनी ऐकून घेतलं. "तुम्ही रागावलाय," ते सौम्यपणे म्हणाले. "बसा. आदिती, पाणी आण बघू." आणि जी आदिती माझ्या सांगण्यावरून जागची हलत नाही, ती उठून गेली.

मी आरडाओरडा केला. पूर्वी माझा आवाज चढला की वृषभचा चढायचा, आदिती कानात बोळे घालायची, खालच्या मजल्यावरच्या बाळाबाई काठीनं छत ठोकायच्या. आता पावण्यांसकट तिघंही ऐकून घेत होते. माना हलवत होते. बोलून झाल्यावर वृषभ म्हणाले, "तुमचंबी बरोबर आहे."

ते मला कधी 'तुम्ही' म्हणत नाहीत. थट्टा असेल, मला वाटलं.

रात्री आदितीला जवळ घेऊन विचारलं, हे कोण आहेत, तुला आठवतं का कधीपासून आहेत? ती हसली. "काकांनीच मला सायकल शिकवली की, रंकाळ्यावर." सायकल मी शिकवली होती. तिच्या गुडघ्यावरची खूण त्याच दिवसाची आहे, मी दाखवली. तिनं गुडघा झाकून घेतला, परक्या बाईसमोर झाकावा तसा.

मी 'जादा ताट' पुन्हा वाचायला गेले. रद्दीच्या दुकानात मिळालेली माझी एकुलती प्रत अभ्यासाच्या टेबलावर नव्हती. ते गृहस्थ ती वाचत बसले होते. मागितल्यावर लगेच दिली, वर कव्हरही घातलं होतं. मी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. मास्तर उंबऱ्यावर उभा असतो, आत त्याच्या बायकोचा आवाज येत असतो, आणि तो आवाज फार गोड असतो. मी या वाक्यावर लेखात लिहिलं होतं, सरनोबतांना अखेर घराची ऊब खुणावते. काय हा माझा अर्थ. मी समितीला न वाचता बोलता म्हणून शिव्या घालत होते, आणि मी वाचून काय दिवे लावले होते?

त्याच आठवड्यात सयाजीरावांचा फोन आला. मी कानापासून लांब धरला, इतका मोठा आवाज.

"बाई, छापा! सही करून ठेवलीय. आबांचं पुस्तक हाय, छापलंच पायजे."

"सयाजीराव, तुमच्या घरचे पावणं..."

"गेलं. तुमी आलतासा त्याच्या दुसऱ्या आठवड्यात." मागं भांडी आपटल्याचा आवाज आला आणि संयोगिताबाई काहीतरी खेकसल्या. सयाजीरावांनी मला ऐकू यावं म्हणून फोन तिकडं धरला. "ऐकलासा? वरडत्या माझ्यावर. चपला घालून आत आलो म्हणून. किती वर्षांनी वरडली, बाई."

"मी काय करू ते सांगा."

"आमास्नी ठावं असतं तर आमी केलं नसतं व्हय?" ते म्हणाले. मग हळू आवाजात, "माझ्या दारात तेवढं नगा येऊ. सही पोष्टानं धाडतो."

मला त्या माणसाचा इतका संताप आला की मी फोन फेकला. फुटला. घरात कुणी काही विचारलं नाही. वृषभनी तुकडे गोळा केले आणि "राहू दे, राहू दे, होतं असं," म्हणाले. फोन नवाच होता, त्याचे हप्ते अजून चालू होते. वृषभनी त्यावरून आठवडाभर बोलायला हवं होतं.

संमती आली. समितीनं नाक मुठीत धरून ठराव केला. 'जादा ताट' समग्र साहित्यात जाणार, शेवटचा खंड म्हणून, आणि प्रस्तावना माझी. अध्यक्षांनी माझ्या हातात गुच्छ दिला. मी भांडून मिळवलं होतं, एकटीनं, सगळ्या गावाशी. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या तेव्हा मला एवढंच कळत होतं की हे घरी जाऊन सांगायचं आहे. वृषभ म्हणतील, झालं एकदाचं, आता तरी स्वयंपाकात लक्ष घाल. मी म्हणेन, तुम्ही घाला. भांडण होईल.

मी जवळजवळ पळत जिना चढले.

दाराला आतून साखळी होती. आदितीनं फटीतून बघितलं, मग साखळी काढली.

"या ना," ती म्हणाली. "बाबा, त्या बाई आल्यात."

दिवाणखान्यात पंखा बंद होता, तो वृषभनी उठून लावला. ते गृहस्थ आतल्या खोलीतून बनियनवर बाहेर आले आणि वर्तमानपत्र घेऊन दिवाणावर पाय वर करून बसले. आदिती त्यांच्यावर खेकसली, चष्मा कुठं टाकलाय म्हणून. ते तिच्यावर खेकसले.

"उन्हातनं आलाय," वृषभ मला म्हणाले. "टेका जरा."

मी दाराजवळच्या खुर्चीत टेकले.

"कादंबरी मंजूर झाली," मी सांगितलं.

"अरे वा," वृषभ म्हणाले. "फार छान. तुम्ही लई कष्ट घेतलेत त्या पुस्तकासाठी."

मला ओरडायचं होतं. सगळी गल्ली गोळा होईल असं ओरडायचं होतं. राग अगदी गळ्यापर्यंत आला होता, आणि तिथंच थांबला. लोकांच्या घरात आवाज चढवायचा नसतो. तसं मला लहानपणापासून शिकवलंय.

आदिती पोहे घेऊन आली. वर खोबरं, कोथिंबीर, बशीत चमचा. तिनं माझ्या हातात बशी दिली, परक्यांसमोर पोरी सावरतात तशी ओढणी सावरली, आणि समोर बसली. पोह्यांतून वाफ येत होती. वास येत नव्हता.

"घ्या की," ती म्हणाली. "लाजू नका."

मी खाल्ले. गोड होते. आमच्या घरी पोह्यांत साखर घालत नाहीत, पावण्यांसाठी घालतात.

काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "तुम्ही कुठं राहता?"

मी बशी खाली ठेवली. "इथंच," म्हणाले. "जवळच."

"मग बरंय," आदिती म्हणाली, आणि दार उघडून देण्यासाठी उठली.